दिवस राहिल्यानंतरची पहिली तपासणी

बाईला दिवस राहिले की ती कधीतरी उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा शहरातल्या प्रसूतिगृहात ‘नाव घालायला’ जाते. तिथे तिचे वय विचारतात. शेवटच्या पाळीची तारीख विचारतात. आधीची बाळंतपणे, गर्भपात, घराण्यातले आजार, चालू असलेली औषधे यांची चौकशी होते. वजन आणि उंची घेतात, दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजतात, डोळ्याची पापणी खाली ओढून पाहतात, लघवी आणि रक्त तपासायला घेतात. शेवटी तारखा घातलेले कार्ड आणि गोळ्यांची पाकिटे हातात पडतात. सगळा कार्यक्रम अर्ध्या-पाऊण तासाचा. बाई बहुधा बावरलेली असते, सोबत सासू किंवा आई असते, आणि यातले काय कशासाठी चालले आहे हे तिला क्वचितच कोणी सांगते.

ही तपासणी फार जुनी असावी असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात सव्वाशे वर्षांपूर्वी अशा तपासणीचा रिवाज जगात कुठेच रुळलेला नव्हता. गरोदर बाईची काळजी घेणे मात्र पुरातन आहे. चरकसंहितेत गर्भिणीने कोणत्या महिन्यात काय खावे हे महिनावार सांगितले आहे. आपल्याकडे डोहाळे पुरवले जातात, डोहाळजेवणे होतात, जाणत्या सुइणी पोटाला हात लावून बाळ आडवे की उभे ते सांगत. नवे आहे ते एवढेच, की काहीही दुखत-खुपत नसताना, ठरलेल्या दिवशी, केवळ पाहून घेण्यासाठी दवाखान्यात जायचे. ही कल्पना कशी रुजली आणि तपासणीतली एकेक गोष्ट तिच्यात कुठून आली ते आपण पाहू. सगळ्या गोष्टी घेणार नाही. ज्यांचा इतिहास सांगण्याजोगा आहे त्याच घेऊ.

नऊ महिने सात दिवस

पहिला प्रश्न शेवटच्या पाळीचा. त्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की बाळंतपणाची अंदाजे तारीख मिळते. पाळी १० जानेवारीला आली असेल तर तारीख १७ ऑक्टोबर. हा हिशोब जर्मनीत हायडलबर्ग येथे शिकवणारे फ्रान्झ कार्ल नेगेले यांच्या नावाने ओळखला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी तो रूढ केला. मूळ कल्पना त्यांच्या आधीच्या शतकातले हॉलंडचे वैद्य बोरहाव्ह यांची. एकूण दिवस भरतात २८०. आपल्याकडच्या बोलण्यातले ‘नऊ महिने नऊ दिवस’ साडेएकोणतीस दिवसांच्या चांद्रमासांनी मोजले तर सुमारे २७५ दिवस होतात आणि सौर महिन्यांनी मोजले तर २८३. म्हणजे नेगेले यांचा आकडा बरोबर या दोहोंच्या मधे येतो! मुलांकडून करून घ्यायला हे गणित चांगले आहे.

या सूत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. पाळी दर २८ दिवसांनी येते, असे ते मानते. जिची पाळी पस्तीस दिवसांनी येते तिची तारीख आठवडाभर पुढे जाते. म्हणून पाळी नियमित होती का, हाही प्रश्न पाठोपाठ येतो. आणि नेमक्या सांगितलेल्या तारखेला बाळंत होणाऱ्या स्त्रिया शंभरात चार-पाचच असतात.

चमचा, मेणबत्ती आणि पट्टा

गरोदरपणाच्या उत्तरार्धात काही स्त्रियांच्या अंगावर सूज येते, डोके ठणकते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात आणि मग फेफऱ्यासारखे झटके येतात. या विकाराला एक्लॅम्पसिया म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ लख्खकन चमकणे असा आहे. वीज पडावी तसा हा आजार अचानक येतो, अशी वैद्यांची समजूत होती. त्यात आई दगावे, मूल दगावे, कधी दोघेही.

लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये रिचर्ड ब्राइट हे १८२७ पासून मूत्रपिंडाच्या आजारांचा अभ्यास करत होते. रोग्याची लघवी चमच्यात घेऊन ते मेणबत्तीवर धरत. लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन असेल तर ती तापल्यावर गढूळ होते, अंड्याचा पांढरा भाग शिजून घट्ट व्हावा तशी. (अंड्याचा पांढरा भाग भरपूर पाण्यात मिसळून, गाळून, परीक्षानळीत तापवला तर हे वर्गातही दाखवता येते. लघवीच्या बाबतीत एक खबरदारी घ्यावी लागते. फॉस्फेट क्षारांमुळेही गढूळपणा येतो. असेटिक आम्लाचे दोन-तीन थेंब टाकल्यावर तो नाहीसा होतो, अल्ब्युमिनचा मात्र राहतो.) त्याच रुग्णालयात बाळंतपणे करणारे जॉन लिव्हर यांच्या मनात आले, की झटके येणाऱ्या स्त्रियांची सूज ब्राइट यांच्या रोग्यांसारखीच दिसते. त्यांनी झटके आलेल्या स्त्रियांची लघवी तापवून पाहिली. एक अपवाद सोडता प्रत्येकीत अल्ब्युमिन सापडले. लिव्हर तेवढ्यावर थांबले नाहीत. ज्यांना झटके आले नव्हते अशा पन्नासाहून अधिक बाळंतिणींची लघवीही त्यांनी तपासली, म्हणजे तुलना करता येईल. हे त्यांनी १८४३ साली प्रसिद्ध केले. त्याच वर्षी एडिंबरोत जेम्स यंग सिम्प्सन यांनीही असेच निरीक्षण नोंदवले.

पुढे १८९६ साली इटलीतल्या रिवा-रोची यांनी दंडाला बांधायच्या फुगणाऱ्या पट्ट्याने रक्तदाब मोजण्याचे सोपे उपकरण काढले. लगेच १८९७ साली फ्रान्समध्ये वाकेझ आणि नोबेकूर यांना एक्लॅम्पसियाच्या रोग्यांत रक्तदाब वाढलेला आढळला. आता कळते की झटके येण्यापूर्वी बरेच दिवस, कधी काही आठवडे, रक्तदाब चढू लागतो आणि लघवीत अल्ब्युमिन येऊ लागते. वीज काही निरभ्र आकाशातून पडत नव्हती.

म्हणजे विसावे शतक उजाडले तेव्हा चमचा होता, मेणबत्ती होती, दंडाचा पट्टा होता. नव्हती ती बाई. ती यायची कळा सुरू झाल्यावर किंवा झटके आल्यावर. युरोपात सुखवस्तू घरची बाई डॉक्टरला घरी बोलावी, तेही बाळंतपणाच्या वेळी. गरीब बाई प्रसूतिगृहात येई तीही त्याच वेळी. आपल्याकडे तर पुरुष डॉक्टरने बाईला हात लावणेच बहुतेक घरांना मान्य नव्हते. आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असताना त्यांचे पहिले मूल दहा दिवसांचे होऊन गेले. पुढे त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. पदवीसाठी त्यांनी लिहिलेला प्रबंध प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर होता. त्याच वर्षी मुंबईत स्त्रियांसाठी, स्त्री डॉक्टरांनी चालवलेले कामा हॉस्पिटल सुरू झाले. पण तिथेही बाई येई ती आजारी पडल्यावर किंवा अडल्यावर.

आधी येण्याची कल्पना एडिंबरोच्या जॉन विल्यम बॅलंटाइन यांनी १९०१ साली मांडली. त्यांना आस्था होती ती मुख्यतः गर्भाची. जन्मतः व्यंग असलेल्या, मृत जन्मलेल्या मुलांचा अभ्यास करताना त्यांना वाटू लागले, की जन्मापूर्वीच्या आजारांवर उपचार करायचे तर आईला त्या काळातच भेटले पाहिजे. त्यांनी गरोदर स्त्रियांसाठी स्वतंत्र रुग्णालयाची मागणी करणारा लेख लिहिला. मिळाली ती एक खाट! पण सुरुवात झाली. त्याच वर्षी अमेरिकेत बॉस्टनमध्ये परिचारिका गरोदर स्त्रियांच्या घरी जाऊ लागल्या, आणि १९०९ पासून तिथल्या एलिझाबेथ लोवेल पटनम या समाजसेविकेने ठरावीक दिवसांनी भेटी देण्याचा पद्धतशीर प्रयोग चालवला. रक्तदाब आणि लघवी या दोन गोष्टी पाहणे हे त्या भेटींतले मुख्य काम. पटनमबाई डॉक्टर नव्हत्या. या तपासणीला आजचे रूप देण्यात डॉक्टरांइतकाच परिचारिकांचा आणि अशा खटपट्या स्त्रियांचा वाटा आहे, हे वैद्यकाच्या इतिहासात पुरेसे सांगितले जात नाही असे आम्हाला वाटते.

सोळावा आठवडा

ब्रिटनच्या आरोग्य खात्याने १९२९ साली एक परिपत्रक काढले. पहिली तपासणी सोळाव्या आठवड्यात, मग चोविसाव्या आणि अठ्ठाविसाव्या, पुढे छत्तिसाव्यापर्यंत पंधरवड्याला आणि शेवटी दर आठवड्याला. हे वेळापत्रक ब्रिटनमध्ये आणि ब्रिटिश वळणाचे वैद्यक शिकवणाऱ्या देशांत पन्नास वर्षांहून अधिक काळ चालले. नेमके हेच आठवडे का, याची कारणे परिपत्रकात दिलेली नव्हती. लवकर भेट ठेवायची म्हटले तरी गरोदरपणाची खात्री करणे त्या काळी अवघडच होते. बर्लिनच्या अॅशहाइम आणि झोंडेक यांची लघवीची चाचणी १९२८ च्या सुमारास आली होती, पण तिच्यासाठी लघवी उंदरांच्या लहान माद्यांना टोचून, काही दिवसांनी त्यांची चिरफाड करून अंडाशये पाहावी लागत. औषधाच्या दुकानातून पट्टी आणून घरी पाहण्याचे दिवस फार दूर होते.

ब्रिटनमध्ये तपासणी केंद्रे भराभर वाढली. पण मातामृत्यू? हजार बाळंतपणांमागे चार-पाच माता दगावत होत्या, आणि १९३५ च्या सुमारापर्यंत त्या आकड्यात उतार पडला नाही. तो कमी होऊ लागला सल्फा औषधे आल्यावर, त्यांनी बाळंतज्वर आटोक्यात आणल्यावर आणि पुढे रक्त देण्याची सोय झाल्यावर. नुसते तपासून, कार्डावर आकडा लिहून कोणी वाचत नाही. वाढलेला रक्तदाब दिसला तर पुढे काय करायचे याची सोय हवी. झटके टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट हे स्वस्त औषध किती उपयोगी पडते हे ३३ देशांतल्या दहा हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीने २००२ साली दाखवले. झटक्यांचे प्रमाण निम्म्याहूनही खाली आले. म्हणजे लिव्हर यांच्या चमच्यानंतर एकशे एकोणसाठ वर्षांनी!

किती वेळा जायचे यावरही मत बदलत राहिले. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीनंतर नेमक्या चार भेटी पुरेत असे म्हटले, तर २०१६ साली आकडा आठवर नेला आणि पहिली भेट बाराव्या आठवड्याच्या आत हवी असे सांगितले. सोळाचे बारा झाले.

परळची गोष्ट

आता गोळ्यांकडे वळू. पापणी ओढून पाहतात ती रक्त कमी आहे का याचा अंदाज घेण्यासाठी. त्यावर मिळणाऱ्या गोळीत लोहाबरोबर फोलिक आम्ल असते, आणि त्या फोलिक आम्लाचा माग थेट मुंबईच्या गिरणगावापर्यंत जातो.

मुंबईत १९२८ साल मोठे धामधुमीचे होते. गिरण्यांमध्ये सहा महिने संप चालला. कायदे कौन्सिलात कामगार स्त्रियांना बाळंतपणाची पगारी रजा देणारे विधेयक आले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यावेळी मांडली, आणि १९२९ साली कायदा झाला. त्याच १९२८ साली लूसी विल्स ही चाळिशीची इंग्रज संशोधक मुंबईत उतरली. केंब्रिजमध्ये तिने वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र शिकले होते, नंतर लंडनला स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली होती. मातामृत्यूंच्या चौकशीच्या कामात असलेल्या डॉ. मार्गारेट बॅलफर यांनी तिला बोलावले होते. परळच्या हाफकिन संस्थेत तिचे काम सुरू झाले.

प्रश्न असा होता. मुंबईच्या गरीब वस्त्यांतल्या, त्यातही गिरणीकामगार घरांतल्या गरोदर स्त्रियांना एक भयंकर रक्तक्षय होई. रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या. नुसत्या लोहाच्या कमतरतेत पेशी लहान होतात, म्हणजे हे दुखणे वेगळे होते. अशाच मोठ्या पेशींचा ‘पर्निशस अॅनिमिया’ हा आजार पाश्चात्य देशांत माहीत होता आणि यकृत खाऊ घालून तो बरा होतो हे १९२६ साली बॉस्टनच्या मायनट आणि मर्फी यांनी दाखवले होते. पण तो प्रामुख्याने उतारवयात होणारा, आणि मुंबईच्या रोगी तर तरुण गरोदर बायका.

विल्सने मानेक मेहता आणि एस. एन. तळपदे या सहकाऱ्यांबरोबर आधी जंतू शोधले, ते मिळाले नाहीत. मग वस्त्यांमध्ये जाऊन स्त्रिया काय खातात याची पाहणी केली. सुखवस्तू घरांत हा आजार क्वचितच दिसे; आजारी बायकांच्या ताटात भाजी, फळे, दूध नावालाच असे. तसाच आहार तिने उंदरांच्या माद्यांना दिला. त्या गाभण राहिल्यावर त्यांचे रक्त कमी झाले. प्रश्न सुटला असे वाटले, पण पुढे कळले की त्या उंदरांना उवांमधून आलेल्या बार्टोनेला जंतूंची लागण झाली होती! मग माकडांवर प्रयोग झाले. यीस्टचा अर्क दिल्यावर माकडे सुधारली. हा अर्क म्हणजे इंग्लंडात पावाला लावून खातात ते ‘मार्माइट’, बियरच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टपासून केलेले, स्वस्त. ते मुंबईच्या स्त्रियांना दिल्यावर काही दिवसांत रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या, अशक्तपणा ओसरू लागला. हे निष्कर्ष १९३१ साली प्रसिद्ध झाले. पर्निशस अॅनिमियावर चालणारा यकृताचा शुद्ध अर्क या स्त्रियांना लागू पडत नाही, कच्चा अर्क मात्र पडतो, हेही नंतर तिने दाखवले. अर्थात बरे करणारा पदार्थ दुसराच होता. काही वर्षे त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. अमेरिकेत १९४१ साली पालकाच्या ढिगाऱ्यातून तो वेगळा काढला तेव्हा पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून फोलिक आम्ल असे नाव मिळाले, आणि १९४५ साली लेडर्ले प्रयोगशाळेत, आंध्रातून तिकडे गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली, तो कृत्रिम रीतीने तयार झाला.

बाकीच्या प्रश्नांचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. रक्तगट विचारतात तो १९४० च्या आसपास सापडलेल्या आरएच घटकामुळे. आई आरएच-निगेटिव्ह आणि मूल पॉझिटिव्ह असले तर पुढच्या बाळाला धोका संभवतो; त्यावरचे इंजेक्शन १९६८ पासून मिळते. हा धोका आधीच्या गर्भपातातूनही येऊ शकतो. म्हणूनच जाणता डॉक्टर सोबतच्या मंडळींना जरा बाहेर बसवून तो प्रश्न विचारतो, आणि बाईनेही मोकळेपणाने खरे सांगावे. औषधांच्या चौकशीमागे थॅलिडोमाइडची दुर्घटना आहे. उलट्यांवरच्या या ‘निर्धोक’ गोळीने हजारो मुले हातपाय खुरटलेली जन्मली हे १९६१ साली उघडकीला आले. सोनोग्राफी आली ग्लासगोहून. बॉयलरच्या पोलादातल्या भेगा शोधण्याच्या यंत्रावरून इयान डोनल्ड यांनी ती पोट तपासायला वळवली आणि १९५८ साली जाहीर केली. तिचा आपल्याकडे झालेला दुरुपयोग सर्वांना ठाऊक आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला, केंद्राचा १९९४ साली झाला. सोनोग्राफीपूर्वी बाईची सही घेतात ती मुलगा की मुलगी हे जाणून घ्यायचे नाही असे लिहिलेल्या कागदावर.

फोलिक आम्लाची गोष्ट मात्र परळला संपली नाही. मेंदू आणि पाठीचा कणा यांच्यातल्या जन्मजात दोषांशी त्याचा संबंध असावा असा संशय होता. सात देशांतल्या ३३ केंद्रांत, असे मूल आधी झालेल्या १८१७ स्त्रियांवर चाचणी झाली आणि १९९१ साली निकाल आला. हा दोष पुन्हा दिसला अशा २७ गर्भांपैकी ६ फोलिक आम्ल घेणाऱ्या स्त्रियांचे आणि २१ न घेणाऱ्यांचे. पण गोळी सुरू केली होती गर्भ राहण्यापूर्वी. गर्भाच्या पाठीवरची मज्जानलिका गर्भधारणेपासून अठ्ठावीस दिवसांत मिटून पूर्ण होते. शेवटच्या पाळीपासून मोजले तर सहावा आठवडा. पाळी चुकल्याचे लक्षात येऊन जेमतेम पंधरा दिवस झालेले असतात.

सोळावा आठवडा या कामाला निरुपयोगी, बारावाही निरुपयोगी. भारतात २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पहिल्या तीन महिन्यांत तपासणीला गेलेल्या स्त्रिया शेकडा ७० होत्या, आणि गरोदर स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींना रक्तक्षय होता. तो काही गरोदरपणात सुरू झालेला नसतो; शाळेच्या वयापासून सोबत आलेला असतो.

त्यासाठी २०१२-१३ पासून सहावी ते बारावीच्या मुलामुलींना शाळेत आठवड्यातून एकदा निळी गोळी देण्याची योजना आहे. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असते. ती शिक्षकांनी समोर उभे राहून, जेवणानंतर द्यायची असते. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळते, आणि मग मुली पुढच्या आठवड्यापासून ती तळहातात लपवतात. शौचाला काळे होते ते लोहामुळे, त्यात घाबरण्याचे कारण नाही, हे आधी सांगितले तर तक्रारी बऱ्याच कमी होतात.